शिडाच्या होडीला नवा पंखा निवडताना



आजचा विषय ऐकून वाकडची मंडळी हसतील. "आमच्या गावाला समुद्र कुठला, आणि शिडाची होडी कुठली?" असे कुणीतरी म्हणणारच. म्हणणे खरे आहे. वाकडच्या शिवेला लागून मुळा वाहते, पुढे दापोडीजवळ तिला पवना मिळते आणि पुण्यात संगमावर मुठा येऊन मिळते. ह्या वाटेवर शीड उभारून कुणी प्रवासाला निघत नाही.

तरीही हा विषय मुद्दाम घेतला आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात लेथवर, फौंड्रीत आणि इंजिनाच्या कामावर असलेली माणसे गावोगाव आहेत. वाकडहून फार दूर नाही अशा खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना निघाला. डिझेल इंजिन हे असे जनावर आहे की विहिरीवर बांधा, पाणी ओढील. होडीत बसवा, होडी ढकलील. फरक काय तो त्याच्या पुढे जोडलेल्या चाकाचा. विहिरीवर पंपातले चाक, होडीवर पंखा. कोकणातले कोळी प्रोपेलरला पंखाच म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. असा एखादा पंखा उद्या तुमच्याच लेथवर भोक मोठे करून घ्यायला येईल. त्या वेळी तो कशासाठी आहे हे ठाऊक असले, तर काम बरोबर होईल. आणि शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सांगण्याजोगी चार गणिते ह्यात मिळतील, तो फायदा वेगळाच.

आता प्रश्न मांडू. एका लहान शिडाच्या होडीत छोटे डिझेल इंजिन आहे. वारा असला की शीड, वारा पडला की इंजिन. तिचा पंखा खडकावर आपटून वाकडा झाला, किंवा खाऱ्या पाण्याने खाल्ला. नवा घ्यायचा. कोणता घ्यावा?

तुम्ही म्हणाल, "ह्यात विचार कसला? जुना होता तसाच आणावा." पण जुना बरोबर होता हे कशावरून? होडी दोन-तीन हातांतून फिरलेली असते. कुणीतरी मध्येच इंजिन बदललेले असते आणि पंखा पहिलाच राहिलेला असतो. म्हणून जुन्याची नक्कल करण्याआधी तो आपले काम नीट करीत होता की नाही, हे तपासले पाहिजे.

ह्या बाबतीत एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. शेताजवळच्या तळ्यात तो स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली होडी सोडून प्रयोग करी. १८३६ साली त्याने पाण्यात फिरणाऱ्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडी होता आणि बुचाच्या स्क्रूसारखा पुरे दोन वेढे असलेला होता. जितके वेढे जास्त तितका जोर जास्त, असा त्याचा समज. १८३७ साली लंडनच्या कालव्यात कशाला तरी धडकून त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आणि काय नवल! होडी थांबण्याऐवजी अधिक वेगाने चालू लागली. उरलेला अर्धा भागच तिला पुरेसा होता. बाकीचा नुसता पाणी घुसळीत होता. पुढे १८४५ साली इंग्लंडच्या आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि बाजूच्या वल्हेचाकांची 'अलेक्टो' ह्या दोन आगबोटी पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढीत नेले. तेव्हापासून पंख्याची बाजू वरचढ झाली. मोठा आणि भारी दिसणारा पंखा चांगलाच असतो असे नाही, हा धडा मात्र स्मिथच्या कालव्यातलाच.

पंखा म्हणजे पाण्यात फिरणारा स्क्रूच. बोल्ट एक फेरा फिरवला की नट जितका पुढे सरकतो, त्याला कारखान्यात पिच म्हणतात. पंख्यालाही पिच असतो. घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात तो जितका पुढे गेला असता, तेवढा त्याचा पिच. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १२ आणि ९. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. शेजारी उजवा की डावा ह्याचे अक्षर असते.

उजवा-डावा ओळखायला सोपी युक्ती आहे. पंखा जमिनीवर आडवा ठेवा आणि आपल्या जवळच्या पात्याकडे बघा. पाते डावीकडून उजवीकडे चढत गेले असेल तर पंखा उजवा. उजवीकडून डावीकडे चढत असेल तर डावा. पंखा पालथा घातला तरी उत्तर बदलत नाही. बाजारातला साधा बोल्ट उभा धरून पाहा, त्याचे आटेही उजवीकडे चढतात. उजव्याच्या जागी डावा बसवला, तर गिअर पुढचा टाकला की होडी मागे चालेल. धक्क्याला लागताना असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

आकडे पुसले गेले असतील तर मोजून काढता येतात. शाफ्टच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की व्यास मिळाला. पिच काढायला थोडी भूमिती हवी. समजा व्यास १२ इंच आहे, म्हणजे त्रिज्या ६. मध्यापासून त्रिज्येच्या सात-दशांश अंतरावर, म्हणजे ४.२ इंचांवर, पात्यावर खडूने खूण करा. पंखा सपाट फरशीवर ठेवून त्या खुणेवर पाते किती आडवे पसरले आहे आणि तेवढ्यात किती उंच चढले आहे ते मोजा. समजा आडवे ३ इंच आणि चढ १ इंच. आता ४.२ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ २ गुणिले २२/७ गुणिले ४.२, म्हणजे २६.४ इंच. तीन इंचांत एक इंच चढ, तर २६.४ इंचांत ८.८ इंच. पिच झाला सुमारे ९. गुरुजींनी हे गणित वर्गात टेबलफॅनचा सुटा पंखा घेऊन करून दाखवावे. मुलांना परीघ आणि त्रैराशिक एकदमच पटेल.

आता पुढचे गणित. इंजिन मिनिटाला २४०० फेरे करते. गिअरबॉक्स दोनास एक अशी आहे, म्हणून पंखा १२०० फेरे करतो. पिच ९ इंच. तर मिनिटाला १०,८०० इंच, म्हणजे ९०० फूट. तासाला ५४,००० फूट. सागरी मैल ६,०७६ फुटांचा. म्हणजे होडी तासाला जवळजवळ ९ सागरी मैल, खलाशांच्या भाषेत ९ नॉट, जायला हवी. प्रत्यक्षात ती ५ नॉट जाते. मग बाकीचे ४ गेले कुठे? पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पंखा फिरला की पाणी मागे सरकते, आणि त्या मागे सरकण्यानेच होडीला पुढचा रेटा मिळतो. ह्या फरकाला घसर म्हणू. लहान शिडाच्या होडीत चाळीस ते पन्नास टक्के घसर ही नेहमीची गोष्ट आहे. ती पाहून घाबरू नये, आणि ती भरून काढायला पिच वाढवीत सुटू नये.

कारण पाण्यातून रेटत जाणाऱ्या जड होडीच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. पाण्याच्या रेषेवर होडी जितके फूट लांब, त्या आकड्याचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा. २५ फुटांचे वर्गमूळ ५, गुणिले १.३४, म्हणजे ६.७ नॉट. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात अडकते. मग कितीही मोठा पंखा लावा, डिझेल जळते, वेग वाढत नाही.

तेव्हा पंखा बरोबर आहे की नाही हे ओळखायचे कसे? इंजिनाला विचारून. प्रत्येक इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत त्याचे पुऱ्या जोराचे फेरे दिलेले असतात, समजा ३०००. होडीत नेहमीचे सामान आणि माणसे घ्या, खोल व मोकळ्या पाण्यात जा, गिअर पुढचा टाका आणि इंजिन हळूहळू पुरते उघडा. फेरे ३००० च्या आसपास गेले तर पंखा आणि इंजिन ह्यांची जोडी जमली. २५०० वरच अडकले, काळा धूर येऊ लागला, इंजिन तापू लागले, तर पंखा जड आहे. बैलाच्या ताकदीपेक्षा गाडी जास्त भरली, तसे झाले. उलट फेरे ३००० च्याही वर पळाले, आवाज मोठा आणि होडी मात्र रेंगाळते, तर पंखा हलका आहे. बैल मोकळेच चालले आहेत. तपासणीआधी जुन्या पंख्यावर आणि होडीच्या बुडाला चिकटलेले शेवाळ व कवचाचे जीव खरवडून काढा. घाणेरड्या बुडावर केलेली परीक्षा खोटे उत्तर देते.

जड असेल तर पिच कमी करावा, हलका असेल तर वाढवावा. व्यासाला हात लावताना फार जपून. पिचचे व्यासाशी प्रमाण तेच ठेवून, त्याच फेऱ्यांवर पंखा नुसता मोठा केला, तर त्याला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. १२ इंचांचा १३ इंच केला, तर तेरा-बारांश हा अपूर्णांक पाच वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर जवळजवळ दीड येते. एका इंचासाठी दीडपट ताकद! म्हणून जुने कारागीर ठोकताळा सांगतात की व्यासाचा एक इंच पिचच्या दोन-तीन इंचांइतका भारी पडतो.

इथवरचे बोलणे कुठल्याही इंजिनाच्या होडीला लागू आहे. शिडाच्या होडीची अडचण पुढेच आहे. इंजिन बंद करून शीड उभारले की हाच पंखा पाण्यात लोढण्यासारखा लोंबतो. तीन पात्यांचा न मिटणारा पंखा लहान होडीचा अर्धा ते एक नॉट वेग खाऊ शकतो. पाच नॉटांतला एक म्हणजे पाचवा हिस्सा झाला. थोडक्यात, इंजिनावर जो पंखा चांगला ढकलतो, तोच शिडावर जास्त अडवतो. दोन्हीकडे पहिला नंबर येणारा साधा पंखा मिळत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: वर्षातले माझे तास शिडावर जास्त जातात, की इंजिनावर?

कोकण किनाऱ्याने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. १९५० नंतरच्या दशकांत तिथल्या मच्छीमार होड्यांवर इंजिने बसू लागली आणि शीड हळूहळू मागे पडले. जाळे ओढायचे, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांतून भरती साधून आत शिरायचे, तर भरवशाचा रेटा हवा. अशा कामाच्या होडीला तीन पात्यांचा साधा, न मिटणारा पंखाच योग्य. व्यास जागेत मावेल तितका मोठा, पिच बेताचा, फेरे सावकाश. जाळ्याचा दोर किंवा प्लॅस्टिक अडकले तरी सोडवायला सोपा, आणि गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येतो.

दुसरे टोक पाहा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या गोदीत बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परत आले. शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. असा महिनोन्‌महिने वाऱ्यावर चालणारा प्रवास ज्याला करायचा, त्याने मिटणाऱ्या पंख्याचा विचार करावा. मिटणारा पंखा दोन जातींचा असतो. एकाची पाती कमळाच्या कळीसारखी मागे मिटतात आणि शाफ्ट फिरू लागला की उघडतात. दुसऱ्याची पाती आपल्या जागीच वळून पाण्याच्या ओघाला धार दाखवतात. दोन्ही शिडावर फारच कमी अडवतात. पण किंमत साध्या पंख्याच्या कितीतरी पट, बिजागरीत कवचाचे जीव बसले तर पाते अर्धवट उघडते, आणि कळीसारखे मिटणारे काही जुने पंखे मागे चालताना कमी जोर देतात. धक्क्याशी होडी थांबवायची ती मागच्या गिअरनेच, हे विसरू नका.

ह्या दोघांच्या मधला मार्ग म्हणजे दोन पात्यांचा साधा पंखा. सुकाणूच्या पुढे लांब, जाड कणा असलेल्या होडीला तो फार सोयीचा. पाती उभी असताना कण्याच्या आड येतात आणि पाणी कमी अडते. त्यासाठी होडीच्या आत शाफ्टवर रंगाची एक खूण करून ठेवायची. शीड उभारले, इंजिन बंद केले, की खूण वर येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवायचा. मात्र शीडावर चालताना शाफ्ट अडवून ठेवावा की मोकळा फिरू द्यावा, हे गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना फिरणे सोसत नाही. तिनाऐवजी दोन पाती घेतली तर व्यास साधारण पाच टक्के वाढवावा लागतो. तेवढी जागा आहे का, हे आधी मोजा.

जागेचा नियमही ऐकून ठेवा. पात्याचे टोक आणि होडीचे बूड ह्यांत निदान व्यासाच्या दहा टक्के अंतर हवे, पंधरा टक्के असेल तर उत्तम. १२ इंचांच्या पंख्याला सव्वा ते पावणेदोन इंच. अंतर कमी पडले तर पाते प्रत्येक फेऱ्याला बुडाखालच्या पाण्याला थप्पड मारते आणि सारी होडी थरथरते.

धातूचे म्हणाल तर खाऱ्या पाण्यात ब्राँझ बरा. पितळ स्वस्त पडते, पण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त झिजून जाते आणि मागे ठिसूळ तांबे राहते. जुन्या पंख्यावर गुलाबी डाग दिसले आणि हलके ठोकल्यावर घंटेसारखा नाद न येता बद्द आवाज आला, तर त्याला सरळ करून वापरू नका. तो भर लाटेत मोडेल. म्हणूनच शाफ्टवर जस्ताचा एक तुकडा मुद्दाम बसवतात. आधी तो झिजतो आणि पंखा वाचतो. अर्धा झिजला की बदलावा.

आता लेथवाल्या मंडळींसाठी दोन शब्द. पंख्याचे भोक सरळ नसते, टेपर असते. काही शाफ्टना दहास एक, काहींना बारास एक, काहींना सोळास एक असा टेपर असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण चुकीच्या टेपरावर पंखा एकाच कडेवर टेकतो, आणि हादरे बसून शाफ्ट तिथेच मोडतो. म्हणून भोक करण्याआधी शाफ्ट किंवा त्याचे खरे माप मागून घ्या. शाफ्टला निळी लावून पंखा चढवा, काढा, आणि निळी आत सगळीकडे सारखी लागली आहे का पाहा. चावी खाचेच्या माथ्याला टेकता कामा नये. टेकली तर टेपर नीट बसत नाही. नटाला पिन किंवा दुसरा नट हवाच. आणि एक पाते घासले, तर सगळी पाती सारखी घासून तोल पुन्हा तपासा.

ज्यांच्या होडीला मागे टांगलेले पेट्रोलचे इंजिन आहे, त्यांचे काम सोपे आहे. त्या इंजिनाच्या मापाचे पंखे वेगवेगळ्या पिचमध्ये तयार मिळतात. जड शिडाच्या होडीला त्यातला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा निवडावा. वेगाच्या होडीसाठी केलेला जास्त पिचचा पंखा शिडाच्या होडीला शोभत नाही.

हे सारे करायची वेळ म्हणजे पावसाळा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पंखा हाताला येतो. काम सुरू करण्याआधी बॅटरी तोडून किल्ली आपल्या खिशात ठेवावी. पात्याजवळ हात असताना कुणी इंजिन चालू केले, तर पुढचे सांगवत नाही.

नवा पंखा बसल्यावर पुन्हा पाण्यावर परीक्षा घ्या. एकाच अंतरावर एकदा भरतीच्या ओघाबरोबर, एकदा ओघाविरुद्ध चालवा, दोन्ही वेग काढा आणि त्यांची सरासरी घ्या. नुसत्या ओघाबरोबरचा वेग पाहून पंख्याची वाखाणणी करू नका. ते श्रेय समुद्राचे. मागचा गिअर टाकून होडी किती अंतरात थांबते तेही बघा.

आणि एक वही ठेवा. तीत व्यास, पिच, पाती, उजवा की डावा, शाफ्टचा टेपर, गिअरचे प्रमाण, पुऱ्या जोराचे फेरे आणि तारीख लिहा. जुना पंखा सरळ करून बरा झाला असेल तर तो होडीत राखून ठेवा. मग पुढच्या खेपेला, रत्नागिरीहून फोन आला काय किंवा वाकडच्या लेथवर पंखा आला काय, "जुन्यासारखाच द्या" असे म्हणावे लागणार नाही. वहीचे पान वाचून दाखवले की पुरे.